दोन ते चारचा पहारा

सप्त्यात वीणा खाली ठेवत नाहीत. पहिल्या दिवशी सकाळी ती एकाच्या गळ्यात पडली की काल्याच्या कीर्तनापर्यंत या गळ्यातून त्या गळ्यात फिरते, पण भुईला टेकत नाही. पहारा बदलताना देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या, आणि मग पट्टा एका मानेवरून दुसऱ्या मानेवर जातो. मधल्या दोन तासांत काम एवढंच: उभं राहायचं, तार छेडायची, नाव घ्यायचं. तहान लागली तरी उभं, पायाला मुंग्या आल्या तरी उभं. ज्यानं हे एकदा केलं त्याला पुन्हा करावंसं वाटतं. ती गोडी सांगून कळायची नाही.

म्हाळसाबाईला ती गोडी साठीत लाभली. सास्तूरच्या पलीकडं, भूकंपानंतर नव्या जागी ओळीनं बांधून दिलेल्या एका गावात तिचं दोन खोल्यांचं घर. नवरा आणि तीन वर्षांची लेक भूकंपात गेली. त्यानंतर तिनं घरात दुसरं माणूस येऊ दिलं नाही. दीड एकर वाट्यानं दिलेलं, एक शेळी, आणि दहा गावांतली कीर्तनं. कुठं कोणते महाराज यायचे आहेत हे तिला एसटीच्या वेळापत्रकाआधी ठाऊक असायचं. महाराज अभंगाचं पहिलं चरण उचलायच्या आधी नुसते खाकरले, तरी ती शेजारणीला सांगायची, आज रंगणार, नाहीतर आज गळा बसलाय.

बायांनी टाळ वाजवावे, फुगडी खेळावी, पंगतीला भाकऱ्या थापाव्यात. वीणा मात्र पुरुषांची, अशी गावाची रीत. मागल्या वर्षी देवळासमोरच्या बैठकीत म्हाळसाबाई उठून उभी राहिली आणि म्हणाली, एक पहारा आम्हाला द्या. म्हातारे विणेकरी दगडोबा हसून म्हणाले, "विणा म्हंजी काय मुसळ हाय व्हय, कुणीबी उचलाया?"

"मुसळ तुमी कवा उचललंय, दगडोबा? उचलून बगा. विणा हलकी लागंल."

बैठक हसली, आणि हसण्यात निम्मं काम झालं. सप्त्याचे पुढारी अण्णाराव, म्हाळसाबाईच्या नवऱ्याचे भावकीतले भाऊ. त्यांनी निवाडा दिला: दुपारी दोन ते चारचा पहारा बायांचा. तसंही पंगत उठल्यावर त्या वेळी गडीमाणूस डोळे उघडे ठेवत नाही. पण अट घातली. एकदा जरी बाईच्या हातून वीणा भुईला लागली, की पुन्हा ती बायांच्या हाती नाही. कबूल? म्हाळसाबाईनं सगळ्या जणींच्या वतीनं मान हलवली.

मागलं वर्ष निर्विघ्न गेलं. यंदा चैत्रातल्या सप्त्याच्या चौथ्या दिवशी पहारा खुद्द तिचा होता. जोडीला टाळ धरायला येणारी नागूबाई नातवाला ताप म्हणून आली नाही. ऊन असं की देवळापुढच्या फरशीवर कुत्रंही पाय ठेवीना. कर्णा बंद, आचारी मांडवाखाली आडवे, गाव दारं लावून निजलेलं. सभामंडपात म्हाळसाबाई एकटी, आणि समोर शेंदरातला मारुती.

देवळाची मागची भिंत आणि अण्णारावांच्या घराची परसदाराची भिंत यांत एक बोळ आहे, बैलगाडी जाईल न जाईल एवढा. अडीचच्या सुमारास त्या बोळातून पहिल्यांदा भांडं आपटल्याचा आवाज आला. मग युवराजचा आवाज. युवराज अण्णारावांचा थोरला. त्याचा आवाज ओळखायला कान द्यावा लागत नाही. मग त्याच्या बायकोचा, निकिताचा.

ही पोरगी भूमकडची. लग्नाला तीन वर्षं झालेली. त्याच दिवशी सकाळी पाण्याची कळशी घेऊन देवळात आली होती आणि म्हाळसाबाईला विचारून गेली होती, "आत्या, आज तुमचा पहारा ना? सरबत आणू का दुपारी?" उपास आहे, असं सांगून म्हाळसाबाईनं तिच्या गालावरून हात फिरवला होता. गालावर जुना पिवळा डाग होता. तो तिनं बघितला, आणि विचारलं मात्र नाही.

भांडणाचा आवाज माराच्या आवाजात कधी बदलतो, हे बाईमाणसाला सांगावं लागत नाही. मध्ये एक गप्पपणा येतो. तो आला. आणि त्यानंतर निकिता ओरडली, "म्हाळसाआत्या!"

आईला हाक मारली नाही, देवाला मारली नाही. भिंतीपल्याड कोण उभं आहे हे तिला माहीत होतं.

म्हाळसाबाई वळली. चार पावलं टाकून सभामंडपाच्या कडेला आली. पुढची पायरी उतरली की मंडप सुटला, आणि वीणा गळ्यात असताना मंडप सोडायचा नसतो. खाली ठेवायची तर भुईवर. दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची तर दुसरं माणूस कुठं होतं? मांडवाखालचे आचारी तिनं पाहिले. दोन हाका मारल्या असत्या तर एखादा उठला असता. हे तिच्या नंतर ध्यानात आलं. त्या घडीला तिच्या डोळ्यांपुढं बैठक आली. दगडोबा आले. त्यांचं वाक्य त्यांनी बोलायच्या आधीच तिला ऐकू आलं: सांगितलं नव्हतं, बायांच्यानं होत नसतं.

"म्हाळसाआत्या, सोडवा!"

ती मागं सरकली. मारुतीकडं तोंड करून उभी राहिली आणि नाव घेऊ लागली. मोठ्यानं. मग आणखी मोठ्यानं. वीस वर्षं ती नाव घेत आली होती, देव ऐकू यावा म्हणून. त्या दुपारी तिनं ते घेतलं, दुसरं काही ऐकू येऊ नये म्हणून. तिसरी हाक आली का नाही, हे तिला आजही सांगता येत नाही.

चारला दगडोबा आले. डोळे चोळत, पाण्यानं तोंड ओलं करून. दोघं एकमेकांच्या पाया पडली. पट्टा मानेवरून उतरला तशी म्हाळसाबाई बोळातून धावली. अण्णारावांच्या दाराला कुलूप होतं. जीप जागेवर नव्हती. परसात तुटलेली बांगडी आणि पितळी तांब्या पडला होता. तांब्याला एका बाजूनं पोचा आला होता.

संध्याकाळी बातमी आली, अण्णारावांची सून जिन्यावरून पडली. डावा हात दोन ठिकाणी मोडला, डाव्या कानाचा पडदा फाटला. धाराशिवला सरकारी दवाखान्यात ठेवलंय.

जिन्यावरून पडली यावर गावानं विश्वास ठेवला नाही, आणि तो ठेवायची कुणाला गरजही वाटली नाही. गावात चर्चा चालली ती दुसऱ्याच गोष्टीची. पोरीनं काय केलं असंल? कुणी म्हणालं, ती फोनला चिकटून असते. कुणी म्हणालं, लोहाऱ्याला पार्लरचा कोर्स लावायचा म्हणून हटून बसली होती. सासरा सप्त्यात गुंतलेला, तेव्हाच बरं सुचलं. एक जण म्हणाला, युवराज हाताचा वाईट असंल, पण बिनकामाचा हात उचलणारा नव्हं. नागूबाईनं पदर तोंडाला लावून निकाल दिला की टाळी एका हातानं वाजत नाही. जिचा एक हात मोडून गळ्यात होता तिच्याविषयी हे बोललं गेलं, आणि कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

त्या संध्याकाळच्या कीर्तनात महाराजांनी क्रोधावर दृष्टान्त दिला. चुलीवर दूध ठेवलंय, उतू जातंय. शहाणा माणूस फुंकर मारत बसत नाही, चुलीतला जाळ ओढून काढतो. तुझा जाळ तू ओढ बाबा, दुसऱ्याच्या चुलीत लाकडं मोजू नकोस. सोन्यासारखं बोलले महाराज. त्यांना गावातलं काही ठाऊक नव्हतं. पण बायांच्या बाजूला एकीनं दुसरीला कोपर मारलं आणि पुटपुटली, "बगा, जाळ बाईनंच कमी करायचा असतोय." कीर्तनाचा त्यात दोष नाही. ऐकणाऱ्याची खोडच अशी. आपल्याला लागेल ते खाली टाकतो आणि शेजाऱ्याला लागेल ते उचलून नेतो. म्हाळसाबाईनं मात्र आपल्या वाट्याचं उचललं. आरतीच्या आधी ती उठली. कीर्तन अर्ध्यावर सोडण्याची तिच्या आयुष्यातली ती पहिली वेळ.

काल्याच्या दुसऱ्या दिवशी निकिताची आई तुळजाबाई तिच्या दारात उभी राहिली. धाराशिवहून एसटीनं आली होती. हातात वायरची पिशवी, पायांत दोन वेगळ्या चपला; घाईत कुठल्या घातल्या हे तिच्याही ध्यानात नव्हतं. आत ये म्हटलं तरी उंबऱ्यातच टेकली. म्हणाली, पोरीनं पोलिसांना जबाब दिलाय. त्यात तुमचं नाव घेतलंय, की मी हाक मारली, भिंतीपल्याड आत्या होत्या. समोरचे म्हणतात सगळं खोटं, घरात कुणी ओरडलंच नाही, पाय घसरला.

मग बराच वेळ ती चपलांकडं बघत राहिली. दिवाळीला पोरगी माहेरी आली होती तेव्हाच पाठीवरचे वळ दाखवत होती, म्हणाली. बाप म्हणाला, नांदायला जा. "मी म्हणले, जरा सोसावं लागतंय. मीच गाडीत बसवून दिली, बाई. खिडकीतून साडीचा पदर आत सारला." आणि मान वर करून: "तुमी का आला न्हाय, हे मी इचारत न्हाय. मला कुठलं तोंड? ऐकलं का, तेवढंच सांगा."

म्हाळसाबाईनं उठून पाण्याचा तांब्या भरून पुढं ठेवला. तुळजाबाई थोडा वेळ थांबली. मग पाणी पिऊन, तांब्या पालथा घालून निघून गेली.

तुळजाबाई गावात येऊन गेल्याचं कळायला वेळ लागला नाही. दिवस मावळायच्या आत अण्णाराव आले. एकटेच, पांढरी टोपी हातात घेऊन. चार-पाच दिवसांत माणूस वाळला होता. अण्णाराव वाईट माणूस नव्हता. सप्त्याला सगळ्यात मोठी पंगत त्यांची असायची, आणि शेवटच्या माणसाचं जेवण झाल्याशिवाय ते पानावर बसायचे नाहीत. खाली बसून त्यांनी शेळीची चौकशी केली, वाटेकऱ्याची केली. मग म्हणाले, "वैनी, पोरगं चुकलं. मी त्याला घरात कोंडून जोड्यानं हाणलंय. पण पोलीस म्हंजी खानदान मातीत. तुमी एवढंच म्हणा, विणेच्या नादात काय ऐकू आलं न्हाय. खोटं थोडंच हाय? नावात तल्लीन असलं म्हंजी कुणाला ऐकू येतंय?"

मग त्यांनी ते काढलं, जे तीस वर्षांत एकदाही काढलं नव्हतं. आपले दोन्ही हात पुढं धरले. "ह्याच हातांनी तुमच्यावरचे दगड उपसलेत म्या. नखं ऱ्हायली न्हवती. आठवतंय का?"

आठवत कसं नव्हतं! भूकंपाच्या त्या पहाटे ती छातीपर्यंत मातीत होती. तोंडात धूळ. आवाज निघत नव्हता, नुसतं कण्हणं. तेवढ्यावर अण्णाराव आले होते. स्वतःची भिंत पडलेली, आई आत, तरी आवाज जवळचा म्हणून आधी इकडं आले. तिच्या शेजारी लेकीचा आवाज बंद झाला होता. म्हाळसाबाईचा बंद व्हायच्या आत ते पोचले.

"इसरंन कशी?" म्हाळसाबाई म्हणाली. "पन भावजी, त्या दिशी तुमी मला इचारलं न्हवतं, भिताडाच्या कडंला का निजली हुतीस म्हणून. बाहीर का निजली न्हाईस, म्हणून बी न्हाय. आवाज आला अन् तुमी आलात."

"ती येगळी गोष्ट हाय. ती देवाची करणी."

"अन् ही?"

"ही घरातली." अण्णारावांनी टोपी झटकली, गुडघ्यावर ठेवली, पुन्हा उचलली. मग हळूच म्हणाले, आणि त्यात धमकी नव्हती, काळजीच होती, "ऐकलं म्हणालात तर लोक तुमालाच धरत्याल, वैनी. बाईनं बाईची हाक ऐकली अन् उभी ऱ्हायली, असं म्हणत्याल. युवराज ऱ्हाईल बाजूला. अन् बायांची विणा बी गेली समजा."

"त्यात खोटं काय हाय? उभीच ऱ्हायले मी."

ते गेल्यावर तिनं दिवा लावला, पण देवापुढं बसवेना. बसलं की तोंडात नाव यायचं आणि नावाच्या मागून ती हाक यायची. इतकी वर्षं एकटी राहिली, तिला एकटं कधी वाटलं नव्हतं. नाव सोबतीला होतं. आता ती सोबतही गेली. दोन खोल्यांचं घर तिला पहिल्यांदा मोठं वाटलं.

सकाळी ती ठाण्यात गेली. तालुक्याची गाडी, मग पायी. जबाब घ्यायला एक तरुण महिला पोलीस होती, पोरगी समंजस वाटली. किती वाजता, किती हाका, आवाज कुणाचा, सगळं विचारून लिहिलं. मग पेन थांबवून म्हणाली, "ऐकू आलं, तर गेला का नाहीत, काकू?"

म्हाळसाबाईनं वीणा समजावून सांगितली. पट्टा, मंडप, अट. सांगता सांगता तिचं तिलाच ते लहान लहान होत गेल्यासारखं वाटलं. दगडोबांपुढं बोलताना हीच गोष्ट केवढी मोठी होती. पोरीनं ऐकून घेतलं. म्हणाली, माझे आजोबा विणेकरी होते, मला कळतं. पण हे नाही लिहिलं तरी चालेल. हाका ऐकल्या, एवढं पुरे आहे.

"ल्याहा," म्हाळसाबाई म्हणाली. "अर्धं ल्हिवलं तर त्यो माझा जबाब न्हाय. गेले न्हाय म्हणून ल्याहा. ऐकू येऊ नये म्हणून मोठ्यानं नाव घेतलं, ते बी ल्याहा."

तिनं अंगठा दिला नाही, सही केली. प्रौढ शिक्षणात शिकलेली, पाच अक्षरांची. सहीला वेळ लागला.

पोलिसांनी युवराजला नेलं. आठव्या दिवशी तो जामिनावर सुटून आला, तेव्हा वेशीत चार जणांनी नारळ फोडला. आणि अण्णाराव म्हणाले होते तसंच झालं. तीन वर्षं पोरीला मारणाऱ्याचं नाव गावाच्या तोंडून गेलं, आणि दीड तास उभी राहिली तिचं आलं. नळावर बाया गप्प व्हायच्या. ज्या म्हणत होत्या की पोरीनंच काहीतरी केलं असणार, त्याच आता म्हणू लागल्या, बिचारीनं एवढ्या हाका मारल्या अन् या भक्तिणीला पाझर फुटला नाही. पोरीची दया यायला त्यांना दुसरी एक बाई दोषी मिळावी लागली. दगडोबांनी पारावर जाहीर केलं, पुढल्या सप्त्यापासून दोन ते चार पुन्हा गडीमाणसं उभी राहतील. नागूबाईनं तिच्या दारावरून जाताना, ऐकू जाईल असं, सुनेला म्हटलं, हिच्यापायी आपली वीणा गेली. म्हाळसाबाई शेळीला पाला टाकत होती. तिनं मान वर केली नाही. नागूबाई खोटं बोलत नव्हती, हीच पंचाईत होती.

एका गोष्टीचं तिला नवल वाटायचं. एवढ्या लोकांनी तिला विचारलं, तू का गेली नाहीस. युवराजला एकानंही विचारलं नाही, तू का मारलंस.

जबाब दिल्यापासून पंधराव्या दिवशी ती धाराशिवला गेली. पिशवीत शेंगदाण्याचे लाडू घेतले. बसमध्ये काय बोलायचं ते जुळवत राहिली. पाच वाक्यं जुळली. माफ कर, हे त्यात नव्हतं. ते मागायचा हक्क आपल्याला नाही, असं तिनं धाराशिवचा स्टँड येईपर्यंत ठरवून टाकलं होतं.

बायांच्या वॉर्डात खिडकीजवळची खाट. हातात सळई घातलेली, हात उशीवर. कानावर कापूस. निकितानं तिला बघितलं आणि उजव्या हातानं स्टूल दाखवलं. तुळजाबाईनं लाडू घेतले, चहा आणते म्हणून बाहेर गेली.

म्हाळसाबाई स्टुलावर टेकली. मग निकिताच म्हणाली, हळू, कान गेलेली माणसं बोलतात तसं, स्वतःचा आवाज चाचपत: "आईनं सांगितलं, तुमी जबाब दिला. बरं झालं. आमच्या वकिलीणबाई म्हणाल्या, त्याच्यावर केस उभी ऱ्हाते."

"व्हय."

"आईनं सगळं सांगितलं न्हाय. मी इचारलं तर रडाया लागली. आत्या, तुमी घेत हुता ते नाव मोठमोठ्यानं येत हुतं पल्याडून. मला वाटलं, नावात हायत्या, त्यांना ऐकू येत न्हाय. त्यानं गळा धरला हुता तवा बी मी तेच मनात म्हणत हुते. ऐकू आलं असतं तर आत्या आली असती. तेवढ्यावर पडून हुते मी."

म्हाळसाबाईला कळलं की इथं एक खोटं चालण्यासारखं आहे. जबाब लिहून झाला होता, केस उभी राहणार होती. खोटं बोललं तर कुणाचं काही बिघडणार नव्हतं. उलट या पोरीला अंधारात धरायला तेवढीच काठी राहिली असती. देवही रागावला नसता. पण आज ना उद्या कोर्टात तोच कागद तिच्यासमोर मोठ्यानं वाचला जाणार होता, युवराजच्या देखत, परक्याच्या तोंडून.

"आलं हुतं, पोरी," ती म्हणाली. "तुझी हाक आली, म्हणूनच मी मोठ्यानं घेतलं."

निकिता तिच्याकडं बघत राहिली. डोळ्यांत राग नव्हता. रागाचं म्हाळसाबाईनं काहीतरी केलं असतं, पदर पसरून झेलला असता. पोरगी नुसती बघत होती, एखादं ओळखीचं घर पाडलं गेल्यावर ती जागा बघावी तशी. मग तिनं मोडका हात सावरला, कूस बदलली आणि शाबूत राहिलेला उजवा कान उशीवर टेकवून भिंतीकडं तोंड केलं. आता पाच वाक्यांतलं एकही तिच्यापर्यंत पोचणार नव्हतं.

तुळजाबाई चहा घेऊन आली. तिनं दोघींकडं पाहिलं आणि कप हळूच टेबलावर ठेवला. पाच वाजता लोहाऱ्याची गाडी आहे, ती चुकली तर मग मुक्कामीच, असं तिनं दोनदा सांगितलं. म्हाळसाबाईनं दोन्ही वेळा मान हलवली, आणि स्टुलावर बसून राहिली.